मागच्या रिलीजला चालणारं आता का बिघडलं? चूक मशीनकडून शोधून घेण्याचा क्रम

आधी लक्षणं बघा

मागच्या रिलीजला नीट चालणारी गोष्ट आता चालत नाही, ही तक्रार माझ्याकडे जितक्या वेळा येते तितकी दुसरी कुठलीच येत नाही. टीम वेगळी असते, भाषा वेगळी असते, चित्र मात्र ठरलेलं. खालच्यातलं काही ओळखीचं वाटतंय का बघा:

- मधल्या काळात शे-दोनशे कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) झालेत. ‘माझ्या बदलाचा याच्याशी संबंध नाही’ असं प्रत्येक जण म्हणतो आणि प्रत्येकाचं पटतंही.
- एरर ज्या ओळीवर येतो त्या ओळीला कित्येक महिन्यांत कुणी हात लावलेला नाही.
- बाकी सगळ्या ग्राहकांच्या फायली चढतात, एकाचीच चढत नाही.
- टेस्ट एकटी चालवली की पास, सगळ्यांबरोबर चालवली की फेल. किंवा लॅपटॉपवर पास आणि बिल्ड सर्व्हरवर फेल.
- बघायला म्हणून प्रिंट टाकला की बग गायब.
- दुरुस्त झालेला बग पुढच्या महिन्यात परत हजर.

अशा वेळी बहुतेक जण डीबगर उघडून बसतात आणि कोड वाचायला लागतात. अनुभवी माणसाला त्यातून सापडतंही, पण दिवस जातो. यातलं बरंचसं काम मशीन करू शकतं, कारण ते कंटाळत नाही आणि कुणाच्या कमिटबद्दल आधीच मत बनवून बसत नाही. खालच्या तपासण्या मी स्वस्तापासून महागापर्यंत लावल्या आहेत. वरची सोडून खालच्या पायरीवर उडी मारू नका. एकच अपवाद आहे, तो सहाव्या तपासणीत सांगितलाय. खालची पायरी वरच्या पायरीचं उत्तर गृहीत धरते.

पहिली तपासणी: बिघडलंय की नाही, हे स्क्रिप्टला सांगता येतं का?

पुढची जवळजवळ प्रत्येक पद्धत एकाच प्रश्नावर उभी आहे: हा प्रोग्रॅम आत्ता बिघडलेला आहे की नाही? याचं उत्तर माणसाने स्क्रीनकडे बघून द्यायचं नाही, स्क्रिप्टने द्यायचं. एक छोटी स्क्रिप्ट लिहा. तिने प्रोग्रॅम बिल्ड करायचा, ठरलेलं इनपुट द्यायचं आणि निकाल बरोबर असेल तर शून्य, चूक असेल तर एक हा एक्झिट कोड (संपताना मागे ठेवला जाणारा आकडा) द्यायचा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण शोध किती लांबणार हे इथेच ठरतं.

या स्क्रिप्टबाबत तीन गोष्टींवर मी कधीच तडजोड करत नाही.

पहिली, ती फक्त *तुमच्याच* बिघाडाला ‘बिघाड’ म्हणाली पाहिजे. ‘प्रोग्रॅम फेल झाला की एक’ एवढंच लिहिलंत, तर फाइल न सापडणं, डेटाबेस बंद असणं, जुन्या कोडला नवी सेटिंग न कळणं, सगळंच त्यात येईल आणि शोध भलत्याच दिशेला जाईल. एररचा नेमका मजकूर किंवा निकालातला नेमका चुकीचा आकडा तपासा. बाकी काहीही झालं तर स्क्रिप्टने ‘माहीत नाही’ म्हणावं.

दुसरी, एकाच कोडवर ती पंधरा-वीस वेळा चालवून बघा. दर वेळी तेच उत्तर आलं पाहिजे. वीसातून तीनदा पास होत असेल तर पुढची सगळी यंत्रं तुम्हाला पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देतील. अशा टेस्टला आधी स्थिर करा. बहुतेकदा कारण चारपैकी एक निघतं: टेस्टांचा क्रम, घड्याळ, नेटवर्क किंवा एकमेकांशी शर्यत लावणारे थ्रेड (प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे धागे). क्रमाचा संशय असेल तर पायटेस्ट या पायथनमधल्या टेस्ट चालवणाऱ्या साधनासाठी ‘पायटेस्ट-रँडमली’ आहे. ते टेस्टांचा क्रम पिसतं आणि कुठल्या बीजाने (सुरुवातीच्या आकड्याने) पिसला ते सांगतं, म्हणजे तोच क्रम पुन्हा मिळवता येतो. रुबी भाषेच्या आरस्पेक या टेस्ट-साधनात तर बायसेक्टचा पर्याय आतच दिलेला आहे. कुठली टेस्ट आधी चालली की कुठली नंतर पडते, ती लहानात लहान जोडी ते स्वतःच शोधून देतं.

घड्याळाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण आपल्याकडे हे फार दिसतं. भारतीय वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हर यूटीसीवर असेल तर आपल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत त्याची तारीख कालचीच असते. रात्रीच्या बिल्डमध्ये टेस्ट पडते आणि सकाळी ऑफिसात येऊन चालवली की पास होते, असं दिसलं की मी सगळ्यात आधी हेच बघतो. त्यात ३१ मार्चची रात्र असेल तर तारखेबरोबर आर्थिक वर्षही चुकतं आणि पावत्यांचे क्रमांक भलत्याच वर्षात पडतात. स्क्रिप्टमध्ये तारीख आणि टाइमझोन दोन्ही बांधून टाका.

तिसरी गोष्ट, स्क्रिप्ट लवकर संपली पाहिजे. ती शेकडो वेळा चालणार आहे. दहा मिनिटं लागत असतील तर सगळा टेस्ट संच न चालवता ती एकच टेस्ट चालवा.

दुसरी तपासणी: जुना कोड आज चालवून बघा

ही तपासणी इतकी सोपी आहे की लोक ती करतच नाहीत. ज्या रिलीजला ‘चालत होतं’ असं सगळे म्हणतात, तो कोड आजच्या मशीनवर, आजच्या डेटावर चालवा. तोही पडला, तर तुमच्या कमिटमध्ये शोधण्यात अर्थ नाही. बदललंय ते दुसरंच काहीतरी: एखाद्या लायब्ररीची आवृत्ती, संपलेलं सर्टिफिकेट, ऑपरेटिंग सिस्टिमचा अपडेट किंवा डेटाच. लॉक फाइल (लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, नसेल तर जुना कोड चेकआउट केला तरी लायब्रऱ्या आजच्याच येतात, हे विसरू नका.

सोबत फुकटात होणाऱ्या दोन गोष्टी उरकून घ्या. स्टॅक ट्रेस (एररपर्यंत कुठलं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्याची यादी) पूर्ण वाचा, विशेषतः ‘याच्या मुळाशी’ (‘कॉज्ड बाय’) असं सांगणारा शेवटचा भाग. आणि एररमधला एखादा खास शब्द किंवा व्हेरिएबलचं नाव घेऊन गिटच्या (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) ‘गिट लॉग’ आज्ञेला मोठ्या ‘एस’चा पर्याय द्या. तो शब्द कोडमध्ये कुठल्या कमिटने आणला किंवा काढला, ते लगेच कळतं. यात सापडलं तर उत्तमच. पाच-दहा मिनिटांत नाही सापडलं तर वाचत बसू नका, पुढे चला.

तिसरी तपासणी: गिट बायसेक्ट, पण हाताने नाही

जुना कोड आज चालतो आणि नवा पडतो, हे पक्कं झालं की चूक मधल्या कुठल्यातरी कमिटमध्ये आहे. गिट बायसेक्ट मधला कमिट निवडतं, तुम्ही चांगला की वाईट सांगता आणि उरलेले निम्मे बाद होतात. हजार कमिट असतील तर साधारण दहा फेऱ्यांत उत्तर येतं. लिनक्स कर्नलच्या कामात तर बिघाड कळवणाऱ्याला ‘बायसेक्ट करून कमिट सांगा’ अशी विनंती हमखास होते.

बरेच जण ते हाताने करतात: बिल्ड करा, बघा, ‘गुड’ किंवा ‘बॅड’ लिहा. चौथ्या फेरीला चहा येतो, पाचव्या फेरीला चुकून उलटं लिहिलं जातं आणि निघालेला कमिट निरपराध असतो. म्हणून ‘गिट बायसेक्ट रन’ वापरा आणि त्याला पहिल्या तपासणीतली स्क्रिप्ट द्या. नंतर ते स्वतःच चालत राहतं.

इथे एक्झिट कोडचे नियम नीट माहीत हवेत. लोक अडकतात ते नेमके इथेच.

शून्य म्हणजे चांगला. १ ते १२७ म्हणजे वाईट, पण १२५ सोडून. १२५ म्हणजे ‘हा कमिट तपासता येत नाही, वगळा’. बिल्डच झालं नाही तर स्क्रिप्टने १२५ द्यायचा, १ नाही. १२८ किंवा त्याच्या वरचा कोड आला तर गिट शोधच थांबवतं.

याचे दोन परिणाम आहेत. तुमचा बिघाड म्हणजे प्रोग्रॅमचा सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीच्या भलत्याच जागेला हात लावल्याने पडणं) असेल तर शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, १३९ देतं आणि बायसेक्ट पहिल्याच वाईट कमिटवर थांबतं. स्क्रिप्टमध्ये तो कोड पकडून १ करा. दुसरा परिणाम जास्त फसवा आहे: आज्ञा सापडली नाही तर शेल १२७ देतं आणि हा आकडा ‘वाईट’च्या हद्दीत येतो. स्क्रिप्ट रिपॉझिटरीत ठेवली असेल आणि जुन्या कमिटमध्ये ती फाइलच नसेल, तर तुमच्या चुकलेल्या पाथचं खापर बिचाऱ्या कमिटवर फुटू शकतं. स्क्रिप्ट नेहमी रिपॉझिटरीच्या बाहेर ठेवा. आणि सुरू करण्याआधी दोन्ही टोकांवर ती हाताने एकेकदा चालवून घ्या: जुन्यावर शून्य आणि नव्यावर एक आलाच पाहिजे.

बिल्डचे उरलेले तुकडे हाही एक त्रास. आधीच्या कमिटच्या कंपाइल झालेल्या फायली पुढच्यात मिसळल्या तर निकालाला अर्थ उरत नाही, म्हणून प्रत्येक फेरीला स्वच्छ बिल्ड करा. वेळ लागतो, लागू दे. तुमच्या टीममध्ये फीचर ब्रँचवर अर्धवट कमिट टाकायची सवय असेल तर ‘फर्स्ट पेरेंट’चा पर्याय द्या. गिटच्या २.२९ आवृत्तीपासून तो आहे. त्याने शोध फक्त मुख्य ब्रँचवरच्या मर्जमधून जातो आणि कुणाच्या तरी रात्री अकराच्या ‘काम चालू आहे’ कमिटवर अडकत नाही.

बायसेक्ट एक गोष्ट गृहीत धरतं: एकदा बिघडलं की पुढे बिघडलेलंच राहतं. मध्येच बिघडून, दुरुस्त होऊन, पुन्हा बिघडलं असेल तर ते एक सीमा दाखवेल, पण ती तुमची असेलच असं नाही. महिन्याभरात परत येणाऱ्या बगच्या बाबतीत हे नक्की तपासा. अशा वेळी चांगलं टोक म्हणून जुनं रिलीज न घेता आधीच्या दुरुस्तीचा कमिट घ्या.

बहुसंख्य तक्रारी माझ्याकडे याच पायरीवर संपतात. कमिट सापडतो, त्यात पाच-पन्नास ओळी असतात आणि त्या वाचल्या की चूक समोर येते. पण कधी कमिट म्हणजे स्क्वॉश केलेला (अनेक कमिट एकात दाबलेला) तीन हजार ओळींचा ढीग निघतो. कधी बायसेक्ट लागूच होत नाही, कारण बिघाड कोडच्या बदलाने आलेला नसतो, एका विशिष्ट फायलीने उघडा पडलेला असतो.

चौथी तपासणी: इनपुट लहान करत न्या

आंद्रेआस झेलर यांनी १९९९ मध्ये मांडलेली डेल्टा डीबगिंगची पद्धत इथे कामी येते. बिघाड घडवणारं इनपुट घ्या, त्याचे दोन तुकडे करा, एकेक काढून बघा. काढूनही बिघाड राहिला तर तो तुकडा नको होता, फेकून द्या. दोन्ही लागत असतील तर चार तुकडे करा, मग आठ. शेवटी असं इनपुट उरतं की त्यातला कुठलाही एक तुकडा काढला तर बिघाडच नाहीसा होतो. झेलर आणि राल्फ हिल्डेब्रांट यांनी २००२ मध्ये याचा जो प्रयोग मांडला, त्यात मोझिला ब्राउझर पाडणाऱ्या ८९६ ओळींच्या एचटीएमएल पानातून दोषी ठरणारी एकच ओळ उरली. ९५ वेळा क्लिक करून आणि टाइप करून होणारा क्रॅश तीन कृतींवर आला. हे सगळं १३९ चाचण्यांत, त्या काळच्या ५०० मेगाहर्ट्झ पीसीवर ३५ मिनिटांत.

हाच खेळ इनपुटऐवजी बदलांवरही खेळता येतो. जीडीबी या डीबगरच्या ४.१६ आणि ४.१७ या आवृत्त्यांमध्ये १,७८,००० ओळी बदलल्या होत्या आणि नव्या आवृत्तीबरोबर डीडीडी हे त्याचं चित्रमय रूप नीट चालेना. बदलांचे गट लावून काढून बघितल्यावर एकच बदल उरला: मदतीच्या एका वाक्यात ‘अर्ग्युमेंट लिस्ट’च्या जागी नुसतं ‘अर्ग्युमेंट्स’ केलेलं होतं. डीडीडी ते वाक्य शब्दशः शोधत होतं. असा बदल वाचताना कुणाचाही डोळा त्यावरून घसरून जाईल. तीन हजार ओळींचा कमिट हातात असेल तर त्याचे फाइलवार आणि मग तुकडेवार पॅच करून हीच पद्धत लावा.

एक जवळून बघितलेलं उदाहरण देतो. एका पतसंस्थेच्या सभासदांची यादी सिस्टिममध्ये चढवायची होती. काही हजार ओळींची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल. ‘सभासद सापडला नाही’ एवढंच म्हणून सगळी फाइल परत यायची, ओळ क्रमांक नाही. लोक एक्सेलमध्ये नावं डोळ्यांनी पडताळत बसले होते आणि त्यांना सगळी नावं बरोबर दिसत होती, कारण दिसायला ती बरोबरच होती. शीर्षकाची ओळ कायम ठेवून बाकी ओळींवर डेल्टा डीबगिंग लावलं. एक ओळ उरली. मग त्या ओळीवर अक्षरांच्या पातळीवर लावलं. उरलं ते आडनाव: कऱ्हाडे.

‘ऱ्ह’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ०९३१ क्रमांकाचा स्वतंत्र ऱ आणि पुढे हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा, डोळ्यांना न दिसणारा जोडवर्ण. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. कुठला तयार होतो हे कीबोर्डवर अवलंबून असतं. संस्थेचं जुनं रजिस्टर एका पद्धतीने टाइप झालं होतं, नवी यादी दुसऱ्या. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रूपांना एक करणं) या दोघांना एक करत नाही, म्हणून ‘आम्ही नॉर्मलाइझ करतो’ हे टीमचं म्हणणं खरं असूनही उपयोगाचं नव्हतं. तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंना एकच रूप द्यावं लागलं. गोऱ्हे, वऱ्हाडे, चऱ्होली, जिथे जिथे मराठी नावं आणि गावं जुळवली जातात तिथे हे एकदा तपासून घ्या.

या पायरीवर तीन सूचना. तुकडे करताना रचना सांभाळा: सीएसव्ही असेल तर ओळी काढा, जेसन असेल तर पूर्ण घटक काढा. बाइटमागून बाइट तोडलेत तर बहुतेक फायली अवैध होतील आणि वेळ फुकट जाईल. सी किंवा सी प्लस प्लसचा कोडच कंपाइलरला पाडत असेल तर स्वतः काही लिहू नका. युटा विद्यापीठात तयार झालेलं सी-रिड्यूस हेच काम करतं आणि त्याला भाषेची रचना कळते. पायथनमध्ये हायपोथिसिस हे आपोआप इनपुट तयार करून टेस्ट करणारं साधन वापरत असाल तर सापडलेलं उदाहरण ते स्वतःच लहान करून देतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ग्राहकाच्या खऱ्या डेटात पॅन, आधार, मोबाइल नंबर असतात. इनपुट लहान करण्याचं काम ग्राहकाच्या परवानगीने आणि जिथे तो डेटा ठेवायची मुभा आहे तिथेच करा. कुठल्याही ऑनलाइन साधनाला किंवा चॅटबॉटला पूर्ण फाइल चिकटवू नका. उरलेल्या एका ओळीतही नाव बदलून बिघाड राहतो का बघा. राहिला तर बदललेली ओळच पुढे पाठवा.

पाचवी तपासणी: संशयित ओळींची यादी

इथपर्यंत इनपुट लहान झालंय, पण कोड मोठा आहे आणि तो बिघाड कुठल्या कमिटने आला हे सांगता येत नाही, कदाचित तो पहिल्या दिवसापासूनच आहे. आता टेस्टांकडे पुरावा म्हणून बघा. फेल होणाऱ्या टेस्टांमध्ये जी ओळ चालते आणि पास होणाऱ्यांमध्ये फारशी चालत नाही, ती संशयित. जोन्स, हॅरल्ड आणि स्टॅस्को यांनी जॉर्जिया टेकमध्ये २००२ मध्ये टॅरँट्युला नावाचं साधन दाखवलं. ते ओळींना लाल ते हिरवा रंग देत असे. नंतर डेल्फ्टच्या अब्रेउ, झुटवेग आणि व्हान गेमुंड यांनी २००६ मध्ये ओचिआई सूत्र वापरून त्याहून चांगली क्रमवारी मिळवली. हे सूत्र मुळात जपानमध्ये माशांच्या प्रजाती कुठे कुठे एकत्र आढळतात हे मोजण्यासाठी १९५७ मध्ये आलं होतं.

सूत्र सोपं आहे. ती ओळ चालवणाऱ्या फेल टेस्टांची संख्या वर. खाली एका गुणाकाराचं वर्गमूळ: एकूण फेल टेस्ट गुणिले ती ओळ चालवणाऱ्या सगळ्या टेस्ट.

दहा टेस्ट घ्या, दोन फेल, आठ पास. पहिली ओळ सगळ्या दहांमध्ये चालते: २ भागिले २० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.४५. दुसरी ओळ दोन्ही फेल आणि एका पास टेस्टमध्ये चालते: २ भागिले ६ चं वर्गमूळ, ०.८२. तिसरी एकाच फेल टेस्टमध्ये चालते, पासमध्ये नाहीच: १ भागिले २ चं वर्गमूळ, ०.७१. आधी दुसरी बघा, मग तिसरी. पहिलीकडे तूर्त बघू नका.

पायथनच्या कव्हरेज (कुठल्या ओळी चालल्या ते नोंदवणाऱ्या) साधनात ‘डायनॅमिक कॉन्टेक्स्ट’ चालू केलं की कुठली ओळ कुठल्या टेस्टने चालवली हे नोंदलं जातं. त्यावरून हा हिशेब करणारी स्क्रिप्ट पन्नासेक ओळींत होते. जावामध्ये जीझोल्टार हे तयार साधन आहे.

पण या यादीकडून किती अपेक्षा ठेवायची हे आधीच ठरवा. क्रिस पार्निन आणि अलेस्सांद्रो ओर्सो यांनी २०११ मध्ये खऱ्या प्रोग्रॅमरना अशी यादी देऊन बघितलं. लोक यादीतून क्रमाने एकेक ओळ तपासत खाली जात नाहीत, आणि चुकीची ओळ नुसती समोर आली म्हणून ती चूक आहे हे लगेच कळतही नाही. माझंही निरीक्षण हेच आहे. मी यादीतल्या पहिल्या दहा ओळी कुठल्या फंक्शनांमध्ये पडतात एवढंच बघतो. सात-आठ एकाच फंक्शनमध्ये असतील तर ते फंक्शन पूर्ण वाचतो. इकडेतिकडे विखुरलेल्या असतील तर यादी बाजूला ठेवतो.

ती कुठे हमखास चुकते तेही सांगतो. एक, कोडमध्ये *नसलेली* गोष्ट तिला दिसत नाही. ‘शिल्लक शून्य असेल तर’ ही अट लिहायचीच राहिली असेल, तर न लिहिलेल्या ओळीला गुण कसे मिळणार? दोन, एका सरळ ओघात चालणाऱ्या सगळ्या ओळींना सारखेच गुण मिळतात, त्यातली कुठली ते तुम्हालाच ठरवावं लागतं. तीन, एक फेल आणि चार पास टेस्ट एवढ्यावर आकडे काढले तर निम्मी फाइल बरोबरीत येते. यावर उपाय सोपा आहे: फेल होणाऱ्या टेस्टच्या अगदी शेजारच्या टेस्ट लिहा. रक्कम एक रुपयाने कमी, तारीख एक दिवस आधी, नाव बदललेलं. यातल्या काही पास होतील, काही फेल, आणि यादी झपाट्याने लहान होईल. बऱ्याचदा या टेस्ट लिहितानाच चूक कळते.

याच पायरीवर स्लायसिंगही येतं: चुकीच्या आकड्यावर ज्या ओळींचा परिणाम होऊ शकतो तेवढ्याच वेगळ्या काढणं. मार्क वायझर यांनी १९८१ मध्ये ही कल्पना मांडली. मोठ्या प्रोजेक्टवर पूर्ण स्लाइस फार मोठी निघते, म्हणून मी ती फंक्शनच्या आतच वापरतो.

भाषिक मॉडेलवर चालणाऱ्या मदतनिसांना विचारायचं असेल तर तेही आत्ता विचारा, आधी नाही. लहान केलेलं इनपुट, दोषी कमिट आणि पडणारी टेस्ट हातात असताना मिळणारं उत्तर तपासता येतं. ते सांगतील ती जागा पहिल्या तपासणीतल्या स्क्रिप्टने पडताळा. पटण्यासारखं लिहिलंय म्हणून मर्ज करू नका.

सहावी तपासणी: मेमरी आणि थ्रेड

प्रिंट टाकला की गायब होणारा बग बहुतेकदा इथला असतो. सी, सी प्लस प्लसमध्ये काम करत असाल तर ही पायरी पाचवीच्या आधी घ्या. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा कंपाइलरचा पर्याय) लावून बिल्ड करा. प्रोग्रॅम साधारण दुप्पट वेळ घेतो, पण चुकीच्या जागी वाचलं किंवा लिहिलं की त्याच क्षणी थांबतो. नाहीतर बिघाड एका ठिकाणी होतो आणि प्रोग्रॅम पडतो तिसरीकडे. थ्रेडसाठी थ्रेड सॅनिटायझर आहे, तो पाच ते पंधरा पट हळू. पुन्हा बिल्ड करणं शक्य नसेल तर व्हॅलग्रिंड, तो वीस-तीस पट हळू. लिनक्सवर मोझिलात जन्मलेलं ‘आरआर’ एकदा घडलेला बिघाड नोंदवून ठेवतं आणि तीच फेरी हवी तितक्या वेळा, उलट्या दिशेनेही, चालवू देतं. क्वचित घडणाऱ्या बगसाठी याहून उपयोगी साधन मी वापरलेलं नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

खऱ्या सिस्टिममध्ये चुकीचा डेटा लिहिला जात असेल तर शोध नंतर. आधी मागच्या रिलीजवर जा किंवा ती सोय बंद करा, बॅकअप वेगळा काढा. डेटाबेस स्वतःच फाइल खराब असल्याचं सांगत असेल तर दुरुस्तीची एकही आज्ञा स्वतः देऊ नका. डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला बोलवा, कारण अर्धवट दुरुस्तीनंतर वाचवण्यासारखंही वाचत नाही.

बिघाडामागे कुणी बाहेरचा आत शिरल्याची शंका आली, अनोळखी खाती किंवा रात्री-अपरात्री गेलेला डेटा दिसला, तर डीबगिंग तिथेच थांबवा. सर्व्हर पुसू नका, लॉग हलवू नका, सुरक्षेच्या माणसांना कळवा. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवाव्या लागतात, म्हणून ‘आधी आम्ही बघतो’ म्हणत दिवस घालवू नका.

बरोबर उत्तर काय हेच तुम्हाला सांगता येत नसेल, तर मशीनही सांगू शकणार नाही. व्याजाचं राउंडिंग, जीएसटीची विभागणी, औषधाचा डोस: इथे पहिल्या तपासणीतली स्क्रिप्ट हिशेबनिसाने, सनदी लेखापालाने किंवा डॉक्टरने सांगितलेल्या उत्तरावर लिहायची. जीवाशी संबंध असलेल्या उपकरणाच्या कोडमध्ये तर दुरुस्तीही एकट्याने करू नका.

एकाच मशीनवर, दर वेळी वेगळ्या ओळीवर पडत असेल तर हार्डवेअरवाल्याकडून मेमरी आणि डिस्क तपासून घ्या. चूक लायब्ररीत किंवा कंपाइलरमध्ये निघाली तर तिच्या सांभाळकर्त्यांना कळवा. आणि दोन दिवस घालवूनही बिघाड मनाजोगा घडवता येत नसेल तर तिसऱ्या दिवशी एकटे बसू नका, त्या भागातल्या जुन्या माणसाला शेजारी बसवा.

कुणालाही बोलावलं तरी त्यांच्या हातात पाच गोष्टी द्या: बिघाड ओळखणारी स्क्रिप्ट, लहान केलेलं इनपुट, बायसेक्टचा पूर्ण लॉग, लायब्रऱ्यांच्या आवृत्त्यांसह मशीनची माहिती, आणि काय काय तपासून बाद केलं त्याची यादी. ‘गिट बायसेक्ट लॉग’ फाइलमध्ये जपून ठेवा. ‘गिट बायसेक्ट रिप्ले’ला ती फाइल देऊन समोरच्याला तुम्ही जिथे थांबलात तिथूनच पुढे जाता येतं.